ताट्या

मार्च संपत आला की नागपुरात
घराघरातून एक कूलर गॅलरीत ओढला जातो.
आमच्याकडे ते हेरंबचं खातं होतं:
ताट्या, पंप, गंजक्या स्क्रूंचं डबडं.
माझी खाती वेगळी होती, ती कुठे लिहिलेली नव्हती.
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वाटणी झाली
तेव्हा फ्लॅट, गाडी, एफडी, सगळं नीट आलं कागदावर,
कूलर कुणाच्याच नावावर आला नाही.

म्हणून यंदा मी आणि पंचफुलाबाई.
मी तिला पाना कसा धरायचा ते सांगते,
ती न ऐकता बरोबर फिरवते.

"झालं का जी मॅडम, तुमचं ते कागदाचं?"
झालं म्हटलं. सोमवारी.
"भांडून?"
नाही. दोघांनी मिळून.
"मिळून!" ती हसली. "मिळून जमत होतं तं राह्याचं होतं ना जी."

आई आता फोनवर सगळ्यांना सांगते,
अहो, हल्ली घरोघरी आहे,
ज्या सुरात गुडघ्यांचं सांगते त्याच सुरात.
सुमनमावशी माहेरी परत आली त्या वर्षी
धरमपेठेत आम्ही पडदे ओढून जेवायचो.

नव्या ताटीतून वाळ्याची एक काडी निसटली.
पंचफुलाबाईनं ती उचलून उन्हात धरली.
"माह्या आजीनं अशीच मोडली होती, पंचाइतीपुढं.
मोडली अन् म्हने, जाय.
दुसऱ्या साली पाट लागला. तोच माहा आजा.
पह्यल्याचं नाव घरात कोनी घेत नाही,
रागानं नाही जी, आठवतच नाही कोनाले."

आणि करिश्माचं?
करिश्मा तीन महिने झाले गोळीबार चौकात, आईकडे,
ओढणी गळ्याशी गच्च, या उन्हातही.

"आता आमच्यात नाही चालत तसं.
जावयाचं स्लॅबचं घर हाय उमरेडले. गेट हाय.
लोकं काय म्हनतीन?"

मी काडीकडे बघत राहिले.
तिच्या आजीच्या हातून ती कधी सुटली
आणि आमच्या सोसायटीत कशी येऊन पडली,
वकिलासकट, समुपदेशकासकट,
विचार करायला दिलेल्या सहा महिन्यांसकट?
आणि आमचे ते ओढलेले पडदे?
पडदे तर मीच दिले तिला, गेल्या दिवाळीत.
जवळजवळ नवे होते.

वकीलबाईंचा नंबर लिहून दिला, खाली माझाही.
तिनं चिठ्ठीची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली,
अंगाऱ्याची पुडी ठेवावी तशी,
आणि म्हणाली,
"दोन हजार उचल द्या न.
शुक्रवारी पोरीले पोचवाचं हाय.
रिकाम्या हातानं कसं जाव?"

माझ्या वकिलाची एका तारखेची फी
म्हणजे तिची दहा महिन्यांची भांडी.
हा हिशेब मी तिथेच, गॅलरीत, उभ्याउभ्या केला
आणि दोन हजार दिले.
मी मोजून दिले. तिनं मोजले नाहीत.

शुक्रवारी अडीचला गणेशपेठहून
उमरेडची गाडी सुटली असेल.
त्या वेळी मी बँकेत
कुणाच्या तरी लॉकरला दुसरी किल्ली लावत होते.
एकट्याच्या किल्लीनं तो उघडत नाही,
हे ग्राहकाला हसून समजावत होते.

रात्री कूलर लावला.
ओल्या वाळ्याचा पहिला वास खोलीभर.
टाकी निम्म्यावर आली तेव्हा उठायचं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोनदा उठले.
अकराच्या पुढे अनोळखी नंबर,
दोन रिंगा, बंद.
नीट ऐकू यावं म्हणून मी कूलर बंद केला
आणि उलट फोन लावला.
उचलला कुणीतरी.
बोललं कुणी नाही.
पलीकडेही एक कूलर घरघरत होता.