अकरावा आकडा

एकोणीसशे ब्याऐंशीच्या मार्चात
भुसावळच्या नगरपालिका शाळेत, नंबर सात,
बासष्ट मुलांपुढे मी लाल-पांढरे ठोकळे मांडले.
हातात स्टॉपवॉच, खिशात प्रवासभत्त्याचे कागद,
वय सव्वीस.
बुद्धी मोजता येते,
एवढंच मला तेव्हा येत होतं.

आता परत आलोय. गुडघे गेलेत.
प्रकल्पाला पुन्हा पैसे मिळालेत, आणि मला एक तक्ता:
पदवी, हुद्दा, उत्पन्न, पुरस्कार, इतर.
‘इतर’ला जागा अर्धा इंच.

चेतना फिरकेने ब्रिस्टलहून तो भरून पाठवला,
एकही रकाना कोरा नाही.
खाली शाईने: सर, ठोकळ्यांचा डबा अजून आहे का?
आहे. एक ठोकळा कमी आहे.

कोरपावलीत जुम्मा तडवीबद्दल कोणी काही बोललं नाही.
भावाने मला विहिरीपर्यंत नेलं,
परत आणलं,
आणि पेलाभर ताक दिलं.
सगळ्या रकान्यांवरून मी एकच रेघ ओढली.
वाकडी आली.

रंजना बोंडे. एकशे एकेचाळीस. बासष्टांत सगळ्यांत वर.
रावेरला केळीच्या वखारीमागे राहते.
म्हणाली, तुम्ही बाबांना सांगितलंत ना,
पोरगी साधी नाही, हिला शिकवा?
बाबा घाबरले हो.
साधी नाही म्हटल्यावर तीन वर्षांत उरकलं माझं.
दारात सून उभी होती केळफूल सोलत.
रंजनाने आवाज खाली आणला:
घरात सांगू नका, मी पहिली आले होते ते.
मी उत्पन्न विचारलं नाही.
पेन झाकलं, तर टोपण सापडेना. तिनेच काढून दिलं,
माझ्याच खिशातून.

नोंद अठरा, हिरामण सपकाळे,
फोनवर म्हणाला, यार्डात या.
या पोराने नऊ आकडे उलटे म्हणून दाखवले होते
आणि वर म्हणाला होता, आता तुम्ही म्हणा, सर.
मी सातव्यावर अडकलो.
अहवालात हे नाही.

सेहेचाळीस डिग्री. खडी पायाखाली भाजत होती.
डोक्याला ओला पंचा, हातात वही,
मालगाडीच्या कडेने चालत आला तो.
सर, एवढ्या उन्हात कामून आले?
मग स्वतःच दाखवायला लागला, न विचारता:
प्रत्येक वाघिणीला अकरा आकडे.
दहा तिचे. अकरावा साक्षीदार.
सम जागांची बेरीज, तिची तिप्पट,
त्यात विषम जागांची टाका,
पुढच्या दहाला जेवढे कमी पडतात तेवढा शेवटचा.
नाही जुळला, तर कुठल्यातरी रंगाऱ्याचा हात चुकला.
आफिसात कॉम्प्युटर आहे, तो सांगतोच.
मी गाडी हलायच्या आधी सांगतो.

किती चुका सापडल्या आजवर?
ते नाही मोजलं, म्हणाला,
आणि हसताना त्याचा पुढचा दात नव्हता.

बापाचा पाय याच यार्डात गेला, सहा नंबर लाईनीवर.
बारावीच्या निकालाला दहा दिवस होते,
हा बापाच्या जागेवर रुजू झाला.
निकाल?
मी आणायलेच नाही गेलो, सर.
शाळेत पडला असंन कुठे.
हे तो पाणी पिता पिता बोलला,
बाटली माझ्याकडे करत.

तक्ता गुडघ्यावर ठेवून मी बसलो.
हुद्द्यासमोर हुद्दा लिहिला. पुरस्कारासमोर काही नाही.
अर्ध्या इंचात
सम जागा, विषम जागा, पंचा, तो निकाल,
काय बसवायचं ते कळेना,
म्हणून पेन तसंच धरून राहिलो.

तेवढ्यात गार्डाने झेंडी दाखवली.
एकामागून एक झटके देत वाघिणी हलल्या.
हिरामण ओठ न हलवता वाचत होता.
मीही एक धरायचा प्रयत्न केला:
चार आकडे हाती आले,
बाकीचे वरणगावच्या दिशेने गेले.