करकर

पट्टा नवा. सुभाषनगरात केरबा डोईफोड्यांनी कापलेला,
म्हशीच्या पाठीचा, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेला,
पाटासारखा ताठ.
अकरा किलोचा बाजा धरायचा म्हणजे असाच लागतो, म्हणाले,
आणि रापी मांडीला पुसून ठेवली.

जुना तुटला होता कागलच्या एका लग्नात,
अ‍ॅकॉर्डियनचा भाता पूर्ण उघडा असताना.
दस्तगीर मास्तरांनी तो चाळीस वर्षं वाहिला.
काढून टेबलावर ठेवला तरी
त्यांचा डावा खांदा त्यात तसाच बसून असायचा,
थोडा खाली उतरलेला,
सायकलवरून पेटी नेणाऱ्या माणसाचा.
त्या खांद्याच्या खड्ड्यात मी चार वर्षं वाजवलं.
मला वाटायचं, पट्टा म्हणजे असाच असतो.

नव्यानं पहिल्याच रात्री हासळीचं हाड सोललं.

मग उपाय.
एरंडेल चोळलं. खिडकीच्या गजाला बांधून
दोन दिवस लोंबकळलो.
लाटण्याला गुंडाळला. उशाखाली घेऊन झोपलो.
आई म्हणाली, म्हशीसकट आणायचा होतास,
दूध तरी मिळालं असतं.

(पुण्याची वहिनी हसते.
मुलगी असून झोपलो काय म्हणतेस?
काय सांगू तिला. आमच्याकडं बायका असंच बोलतात.
जिभेला लहानपणीच बाक येतो,
आता सरळ करायला गेलं तर चिरेल.)

केरबांनी पट्टा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं.
"त्येल पाजून मऊ करशील, तर ताणंल,
आणि मग ताणतच बसंल.
घाल आणि वाजीव. घामात मीठ असतंय,
त्येचं काम त्यो करतोय."
पण करकरतोय, काका. माईकात ऐकू येतंय.
"येऊ दे की. माझा बा करकरणाऱ्या चपला करायचा,
लोक मुद्दाम मागून न्यायचे.
माणूस गल्लीत वळला की घरात चुलीवर चहा चढायचा.
आता समद्यास्नी गप चालायचं असतंय."

इचलकरंजीत साउंडवाल्यानं तीन केबली बदलल्या.
हुपरीच्या हळदीत एका पोरानं पुढं येऊन विचारलं,
ताई, पेटीत उंदीर आहे का?
भाता उघडला की कर्र, मिटला की कर्र,
सुराच्या मागनं कोणीतरी म्हातारं
जिना चढत असल्यासारखं.
एप्रिलभर लग्नं. ब्लाउजवर तपकिरी पट्टी उमटली,
साबणानं गेली नाही, मी पण फार घासली नाही.

थांबली कधी, ते कळलं नाही.
एका बारशात दोन गाण्यांच्या मधे
इतकं शांत झालं
की मला वाटलं, कानाला काही झालं.

पाऊस उघडल्यावर बाबूजमालजवळ मास्तरांकडं गेलो.
बोटं आखडलीत त्यांची. तरी म्हणाले, दे.
पट्ट्यातून हात घातला,
खांदा आत सारला, मग बाहेर,
मग मान एकीकडं करून पाहिली.
एका गाण्याची अर्धी ओळ वाजली.
"चावतोय गं, वैजू," म्हणाले,
आणि बाजा मांडीवर उतरवून घेतला.

मी घाईनं म्हणालो, सैल करून देतो की.
"राहू दे."
हासळीवरून ते बोट फिरवत बसले,
माझी जिथं सोलली होती, बरोबर तिथं.
मग विचारलं, कितव्या घराला लावतीस?
तिसऱ्या.
मी पाचव्याला लावायचो, म्हणाले.
बशीतला चहा निवत चालला होता.
बक्कल त्यांनी आखडलेल्या बोटांनीच सोडवलं,
बराच वेळ लागला, मी हात पुढं केला नाही,
आणि माझ्या तिसऱ्या घरात
परत बसवून दिलं.