दुसरं पाणी

पहिलं पाणी लग्नाचं, नाताळचं, मयताचं.
दाट, तांबूस, दोन पेल्यांत जीभ सैल करणारं.
ते पिंपातून उतरलं की त्याच मॉल्टवर
पुन्हा आधण ओतायचं.
चोथ्यात जे चिवट उरलेलं असतं
तेवढं या दुसऱ्या पाण्यात येतं.
त्याची बीअर फिकी, वाळल्या काडीच्या रंगाची,
जुलैत गवतकापणीला न्यायची.
पुरुष तिला हसतात
आणि कासंडी रिकामी करतात.

यंदा मी नुसतं हलकंच करायचं ठरवलं.
जड कुणासाठी करू?
ओडलाइव्ह मार्चात गेला. त्याच्या मयताला
त्यानंच डिसेंबरात केलेलं पुरलं,
वर दोन बाटल्या उरल्या, त्या जावयानं नेल्या.

पहाटे तीनला, उजेड नुसता कूस बदलत होता,
मी जुनिपरच्या डहाळ्या तोडल्या.
मनगटं ओरखडून निघाली.
तांब्याच्या हंड्यात त्या उकळल्या तेव्हा
खालच्या फ्योर्डवरून पहिली बोट गेली
आणि स्वयंपाकघराला जंगलाचा घाम आला.
मॉल्ट अर्धं. पाणी सढळ.
चव घेतली : गोड, कोमट, कुणाची ओळख नसलेलं.
अजून बीअर नव्हती ती, पेज होती.

मग माळ्यावरून डबा काढला.
आत बर्चच्या लाकडाची कडी, सासूनं कोरलेली,
तिच्या खाचांत सुकवून ठेवलेलं विरजण.
दर खेपेला बुडवायची, दर खेपेला वाळवायची.
डबा उघडला.
काळी बुरशी, मांजराच्या पाठीसारखी मऊ.

डिसेंबरात त्याचे हात थरथरत होते.
कडी ओलीच ठेवली त्यानं.
मला हाक मारली असती तर. नाही मारली.

हंडा निवत होता.
ब्रीता, माझी सासू, थर्मामीटरला हसायची :
कोपर बुडव, तान्ह्याला न्हाऊ घालतेस ना, तेवढं.
कोपर बुडवलं. तेवढं झालं होतं.
दुकान चाळीस किलोमीटर, रविवार,
संध्याकाळपर्यंत सगळं आंबून गेलं असतं.

आन्फिनशी आम्ही अकरा वर्षं बोलत नव्हतो.
एका चराचं पाणी. कुणी कुठे वळवलं
ते आता मलाही नीट सांगता येणार नाही,
पण राग नीट होता.
कुंपण ओलांडताना स्कर्ट तारेला अडकला.
तो गवत वाळवायची मांडणी दुरुस्त करत होता,
तोंडात तीन खिळे.

"विरजण हवंय."
त्यानं एकेक खिळा काढला. "तुमचं?"
"बुरशी."
तो तळघरात गेला, बराच वेळ आला नाही,
आला तेव्हा हातात जॅमची बरणी,
तळाशी दाट, राखाडी गाळ.
"ब्रीतानं माझ्या आईला दिलेलं," म्हणाला,
"आमचं मेलं त्या वर्षी. उसनंच होतं."
आणि खिळे पुन्हा तोंडात.

विरजण घालताना ओरडायचं असतं.
जोरात, पिंपात तोंड घालून,
नाहीतर ते झोपूनच राहतं म्हणे.
ओडलाइव्ह ओरडला की वरच्या कुरणातल्या मेंढ्या उधळायच्या.
मी इकडेतिकडे पाहिलं.
ओरडले.
पातळ निघाला आवाज, दुसऱ्या पाण्यासारखा.
एकही मेंढी हलली नाही.

पण मध्यरात्री, म्हणजे पांढऱ्या उजेडात,
पिंप बोलायला लागलं होतं.

कापणीला आन्फिन आला. बोलावलं नव्हतं.
विळा घरचा आणला.
दुपारी उताराला बसून पहिला पेला प्यायला,
ओठावरचा फेस बाहीनं पुसला.
"पातळ आहे," म्हणाला,
आणि पेला पुढे केला.
चराचा विषय निघाला नाही.
निघेल, गवत घरात गेल्यावर.

बुरशीची कडी मी जाळली नाही.
घासली, उकळली, नव्या विरजणात बुडवली
आणि खिडकीत टांगली.
एका बाजूनं तीन दिवस,
दुसऱ्या बाजूनं तीन दिवस.
रोज बोट लावून पाहते आहे.