पालथा हात

ओशिवऱ्याला, तळघरातल्या पार्किंगमध्ये
काळी जर्मन गाडी.
एक्केचाळीस हजार फक्त, म्हणाले शहाणीसाहेब,
रविवारीच काढतो हो.

मुकादम मिस्त्री काही बोलला नाही.
आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला,
पोराचा ताप बघतात तसा.
"आम्ही यायच्या आधी कोणी सुरू केली?"
शहाणीसाहेब खोकले.

मग ब्रेकचं पेडल. रबर झिजून गुळगुळीत,
देवळाच्या उंबऱ्यासारखं.
एवढे रविवार कुठल्या कॅलेंडरात असतात?

मी मात्र स्टिअरिंगवरचं चिन्ह
अंगठ्याने चोळत बसलो होतो.
आत मोगऱ्याचा वास, जरा जास्तच.

त्याने सीटबेल्ट ओढला. ओढतच राहिला.
एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या
शेवटच्या वीतभर पट्ट्यावर
एक आडवी रेघ, चहाच्या डागासारखी.
नखाने खरवडली, तर गाळ.

बाजूला पालव ड्रायव्हर काच पुसत होता,
नऊ वर्षं हीच गाडी चालवलेला.
त्याला विचारलं, कशी आहे?
"चांगली आहे," म्हणाला, मालकाकडे बघून,
आणि फडकं पिळलं.

कोरडंच होतं.