नोंदवहीचं मागचं पान

सकाळी पिशवी वाजवली.
कोथिंबिरीची पिशवी नुसती चुरचुरली
तरी पडवीपलीकडून शिट्टी फुंकणारा हा प्राणी,
वाटीभर जीव आणि बोटीच्या भोंग्याचा आवाज,
आज गप्प.
मी पुन्हा वाजवली.
मग मलाच लाज वाटली.

कोपऱ्यात अंगाचा गोळा करून,
केस फुलवून बसलेला बोंडू.
पिकल्या काजूच्या बोंडाचा रंग, म्हणून बोंडू.
नाव रसिकाने ठेवलं, पिंजरा तिनेच आणला
आणि नर्सिंगला मिरजेला जाताना
चाऱ्याची गोणी माझ्या पायाशी ठेवून म्हणाली,
"बाबा, काही कठीण नाही.
रोज लेंड्या तेवढ्या बघायच्या."

मी देवगडच्या बर्फ कारखान्यात
लाद्या मोजणारा माणूस.
किती निघाल्या, किती फुटल्या,
कुठल्या बोटीला किती, उधारी कुणाची.
लेंड्या कोण मोजतो?

आज मोजल्या.
शून्य.

जामसंड्याला जनावरांच्या दवाखान्यात
माझ्यापुढे एक लंगडी शेळी.
तिची मालकीण टोपलीत डोकावली:
"ह्यो उंदीर काय ससो?"
म्हटलं, "चेडवाचो आसा."
तिने पुढे काही विचारलं नाही.
शेळीला दोरीने मागे ओढलं
आणि मला आत जायची खूण केली.

डॉक्टर वायंगणकर नुकतेच म्हशीचं बाळंतपण करून आलेले,
बाह्या अजून कोपराच्या वर.
स्टेथोस्कोपची चकती बोंडूच्या अर्ध्या अंगाएवढी.
बराच वेळ ऐकलं.
"पोट थांबलंय," म्हणाले.
"आणि खरं सांगू का,
हे जनावर मला कुणी शिकवलंच नाही."
कोल्हापूरच्या वर्गमित्राला फोन लावला.
पलीकडून आवाज आला,
"नेहमीचं पेनिसिलिन टोचू नकोस हां,
त्यानेच जाईल."
डॉक्टरांनी हातातली बाटली
हळूच कपाटात परत ठेवली.
मी ते पाहिलं.
मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

रात्री नऊला रसिकाचा फोन.
"बोंडूला ऐकव ना."
"झोपलाय."
"असा झोपत नाही तो, बाबा."
तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली,
की मीच फोन ठेवला, आठवत नाही.

मग दर दोन तासांनी
भिजवून वाटलेला चारा, बिनसुईची सिरिंज,
गालाच्या कडेने, घाई न करता,
नाहीतर ठसका लागेल.
एक थेंब आत, दोन माझ्या बनियनवर.
मध्ये पोटावरून बोटं फिरवायची,
ताणलेल्या, गार पडत चाललेल्या पोटावरून.
गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून दिली.
जन्मभर गार ठेवण्याचं काम केलं,
ऊब किती लागते याचा अंदाज नाही.

रसिका तान्ही असताना
मी रात्रपाळी मागून घ्यायचो.
यंत्रांच्या घरघरीत झोप बरी लागायची.
घरी कोण उठत होतं, किती वेळा,
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

साडेतीनच्या सुमाराला बंदरातून
एकेक इंजिन धडधडू लागलं.
माझा डोळा लागला होता.
उठून बघतो तर अंथरलेल्या पेपरवर,
"वधू पाहिजे"च्या चौकटीत,
तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.

वही उघडली, मागचं पान.
लिहिलं:
३.४०. एक. लहान. ओलसर.
पुढे सही केली, सवयीने.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
"रसिका, मघाशी मी खोटं बोललो."
"माहीत आहे. किती झाल्या?"
"एक."
थोडा वेळ दोघांच्याही बाजूला
नुसती इंजिनं, माझ्याकडची.
मग तिने विचारलं,
एखाद्या पेशंटच्या बापाला विचारावं तसं,
"रंग कसा आहे?"

मी चष्मा शोधायला उठलो.