काळी एक

मे महिन्यात ग्वाल्हेरला सेहेचाळीस अंश ही बातमी नसते.
दौलतगंजात, गच्चीखालच्या माझ्या खोलीत
दुपारी अडीचला भिंतीसुद्धा फणफणतात.
अशा खोलीत मी प्रोसेसरला म्हणतो, अजून पळ.

चार पूर्णांक दोनचा तो,
मी चार पूर्णांक आठपर्यंत ताणलाय,
व्होल्टेज चिमटीचिमटीने वाढवत, मिठासारखं.
शहाण्णव अंशांना तो गुपचूप चाल मंदावतो
आणि मुरारच्या कुणा जादौनांची वरात
पडद्यावर अडकून राहते,
घोडी एक पाय उचलून.

खोक्यातून आलेला पंखा चहाच्या बशीएवढा. त्याला काय बोलायचं?

म्हणून जयेंद्रगंज. सचदेवाचं दुकान.
दोन मनोऱ्यांचा कूलर, देखणा, एकशे पासष्ट मिलिमीटर.
माझ्या कॅबिनेटची खोली एकशे साठ.
छत्तीस गुण जुळले आणि उंचीवर मोडलं.
मग एकमनोरी घेतला, सहा तांब्याच्या नळ्या,
रॅमच्या डोक्यावरून अंग चोरून बसेल असा.
"भाईसाहब, लाइटवाले फॅन ले जाओ, शादी जैसा चमकेगा."
लग्नंच तर कापतो दिवसभर, म्हटलं. मला वारा द्या.

समोर जाळी, जाळीमागे धुळीची गाळणी,
तिथे दाबून ढकलणारे दोन, रुंद पाकळ्यांचे, सात-सात.
मागे नऊ पाकळ्यांचा एक, बाहेर फेकणारा.
आत येणं जास्त, जाणं कमी,
म्हणजे फटीफटीतून चंबळकडची पिवळी धूळ
आपण होऊन आत ओढली जात नाही.
तुरीच्या डाळीएवढी पेस्ट. चार स्क्रू, तिरपे, आळीपाळीने.

चौऱ्याऐंशी.
बारा अंश गेले कुठे? कुठेच नाहीत.
पंखा गारवा करत नाही,
उष्णतेला फक्त दार दाखवतो,
आणि दाराबाहेर माझ्या मांड्या.

मग जिन्यावर चपला.
खालच्या निर्मलाताई मुळ्ये, घरमालकीण,
पन्नास वर्षं गाणं शिकवतात, भाड्याला दोन दिवस उशीर चालतो,
आवाजाला नाही.
"कूलर आणलास म्हणे. खस घातलीस? पाणी कुठून भरतोस?"
मी काचेतून दाखवला.
त्यांनी पाहिलं नाही. डोळे मिटले.
"ते पुढचे दोघे भांडतायत."

खरंच. एक अकराशे नव्वद, एक बाराशे दहा.
सेकंदाला दोनदा खोलीभर एक लाट,
वँव, वँव,
आठवडाभर मला वाटत होतं माझंच डोकं.
"जोडीच्या तारा मिळवल्याशिवाय तानपुरा कोणी वाजवतं का?"

मी फेरे उतरवत गेलो, पाच-पाच, मग एकेक.
लाट लांबली. आळसावली.
अकराशे अठ्ठ्याऐंशीवर दोघे एकच झाले.
"काळी एक," त्या म्हणाल्या, पेटीशिवाय.
"आता तो मागचा. वर घे. अजून.
अरे हळू, कोंबडी आहे का ती?
थांब."
तेराशे चौऱ्याऐंशी. पंचम.
ब्याऐंशी अंश, पण तिकडे कोण बघतंय.

आकड्यांचे आलेख तीन रात्री वाचले होते मी,
डेसिबल, घनफूट, फेरे.
हे त्यात कुठे नव्हतं.

"उद्या चारला मुली येतात शिकायला. तेव्हा बंद ठेव."
उंबरठ्यावर थांबल्या.
"नाहीतर असू दे. दार उघडं ठेव."

एवढ्यात वीज गेली.
यूपीएस चार वेळा टूं म्हणाला, कुठल्याच पट्टीत न बसणारं,
आणि त्याने मान टाकली.
तिन्ही पंखे एकदम सुटले,
पंचमावरून, षड्जावरून, खाली, आणखी खाली,
कुठेही न तुटता
एक लांब मींड,
नुसत्या पाकळ्यांच्या सरसरीपर्यंत.

ताई पदराने वारा घेत उभ्या.
घाम मानेवरून पाठीत उतरला.
काळ्या पडद्यामागे कुठेतरी
घोडीचा पाय अजून वरच.