मुरत ठेवलेलं

साबाएत तिसऱ्या दिवशीही बर्फ पडतोय.
फुसाए कपाट उघडते. खालच्या फळीवर
सेल्युलॉइडची पाटी, काळी-मधाळ,
कासवाच्या पाठीची नक्कल.
कोपऱ्यात खडूनं तारीख, शिगेओच्या हातची.
नऊ वर्षं झाली.

“कच्चं कापलंस तर आक्रसेल,” म्हणायचा,
“आणि गिऱ्हाइकाचं नाक धरेल चिमटीत.”
मग तोच गेला. पाटी मुरत राहिली.

पुतण्या टायटॅनियमवाला.
त्याच्या फ्रेमा इतक्या हलक्या
की चेहऱ्याला पत्ताच लागत नाही.
“काकू, ते पेट घेतं हं, जपून,” एवढंच म्हणतो
आणि स्टोव्ह लांब सरकवतो.

करवत लागते,
खोलीभर कापूर.
आईच्या किमोनोंच्या पेटीतला,
शिगेओच्या बाह्यांना कायम असायचा तो.
फुसाए थांबते. नाक पुसते.
बिजागरीच्या सात खाचा पुन्हा पहिल्यापासून मोजते.

शुक्रवारी तोक्योहून गिऱ्हाईक येतं,
आरशात मान तिरकी करून विचारतं,
“कशी दिसतेय?”

ती बघतच नाही.
चष्मा काढून घेते त्याच्या नाकावरून,
कानाशी धरून काडी मिटते, उघडते,
परत एकदा मिटते.